नानाकाकांचा लेअर

प्रत्येक मराठी घराण्यात एक डॉक्टर, एक वकील आणि एक एडिटिंग येणारा असावा लागतो. डॉक्टरला निदान ‘जेवून जा’ म्हणतात. वकिलाला लोक जरा घाबरून असतात. एडिटिंग येणाऱ्याला मात्र रात्री साडेअकराला फोटो येतो आणि त्याखाली लिहिलेलं असतं, ‘दोन मिनिटांचं काम आहे.’ पुढे हात जोडल्याची खूण. काम जितकं अवघड तितके हात जास्त.

आमच्याकडे हे पद माझ्या गळ्यात पडलं ते एका आतेभावाच्या पासपोर्ट फोटोपायी. फोटोमागचा निळा रंग पांढरा करून हवा होता, तो मी करून दिला. बस्स. पण खारेपाटणपासून न्यू जर्सीपर्यंत पसरलेल्या आमच्या गोतावळ्यात बातमी अशी पोचली की, ह्याला फोटोशॉप येतं. वास्तविक माझ्या लॅपटॉपवर फोटोशॉप नाहीच. त्याचं महिन्याचं भाडं भरायला लागणारी ऐपत आणि घरातली परवानगी, दोन्ही माझ्यापाशी नाही. माझ्याकडे आहे गिंप. 1996 मध्ये बर्कलेच्या दोन विद्यार्थ्यांनी ते लोकांना फुकट देऊन टाकलं आणि अजूनही ते फुकटच आहे. त्याच्या चिन्हावर विल्बर नावाचा एक प्राणी आहे, तोंडात ब्रश धरलेला. रात्री दीड वाजता मी त्याच्याकडे बघतो तेव्हा मला भरून येतं. तोंडात ब्रश असल्यामुळे बिचाऱ्याला ‘नाही’ म्हणता येत नाही. माझ्या तोंडात ब्रश नसूनही माझी तीच गत आहे.

या सगळ्याचं मूळ आहे अमेरिकेतले नोल बंधू. थोरला थॉमस मिशिगन विद्यापीठात डॉक्टरेट करत होता. 1987 मध्ये त्याने प्रबंध बाजूला सारून, काळ्यापांढऱ्या पडद्यावर करड्या छटा दाखवणारा एक छोटा प्रोग्राम लिहिला. धाकटा जॉन सिनेमांचे स्पेशल इफेक्ट्स करणाऱ्या कंपनीत होता. दोघांनी मिळून तो प्रोग्राम वाढवला आणि फेब्रुवारी 1990 मध्ये अडोबीने तो फोटोशॉप म्हणून बाजारात आणला. दोन सख्खे भाऊ एकत्र बसले, त्यांनी काहीतरी उभं केलं आणि तरीही त्यावरून ते कोर्टात गेले नाहीत, ही गोष्ट मी घरी सांगितली तेव्हा कोणाचाच विश्वास बसला नाही. प्रात्यक्षिकासाठी जॉनने आपल्या होणाऱ्या बायकोचा बोरा बोरा बेटावर काढलेला फोटो वापरला, तोही पाठमोरा. मला या माणसाच्या दूरदृष्टीचं फार कौतुक वाटतं. पाठमोऱ्या माणसाची एडिटिंगबद्दल काही तक्रार नसते.

आमच्याकडे सगळे कॅमेऱ्यात बघतात, त्यामुळे सगळ्यांची तक्रार असते. डोळे मिटलेत ते उघड. चष्म्यावरची चमक काढ. दंड बारीक कर, पण पाटल्या तेवढ्याच जाड राहू देत. एका मामीने मुलीचा फोटो पाठवला. ‘फार नको, एकच शेड उजळ कर.’

म्हटलं, “मामी, पाहुणे मुलगी प्रत्यक्षात बघणारच ना?”

“संध्याकाळी येतायत. तोवर करून ठेव.”

ही हौस आजची नाही म्हणा. पूर्वी तालुक्याच्या गावी फोटो स्टुडिओत खिळ्याला एक कोट टांगलेला असे आणि सगळा तालुका आळीपाळीने तो घालून फोटो काढून घेई. आता कोट कॉम्प्युटरमध्ये असतो आणि गिऱ्हाइकाची फक्त मान कापून त्यावर बसवतात. आमच्या एका दूरच्या काकांचा कॉलेजच्या ओळखपत्रावर, लग्नाच्या माहितीपत्रकावर आणि परवा वर्तमानपत्रातल्या ‘दुःखद निधन’मध्ये एकच कोट होता. त्यांनी आयुष्यात कोट शिवला नाही.

मग फोन आले आणि जो तो आपापला चेहरा आपणच दुरुस्त करू लागला. मला वाटलं, सुटलो. पण 29 जून 2020 रोजी सरकारने 59 चिनी ॲप्सवर बंदी घातली. त्यात टिकटॉकबरोबर ब्यूटीप्लस, यूकॅम मेकअप आणि व्हिवाव्हिडिओही गेले. देशाच्या सुरक्षेचं मला माहीत नाही, पण आमच्या सोसायटीतली कित्येक माणसं त्या रात्रीत दहा-दहा वर्षांनी मोठी झाली आणि सकाळी माझा फोन पुन्हा वाजायला लागला.

तरी हे सगळं किरकोळ. खरं प्रकरण उभं राहिलं ते मोठ्या काकांच्या सहस्रचंद्रदर्शनाच्या वेळी. हजार पौर्णिमा पाहिलेल्या माणसाचं हॉलमध्ये नुसतं औक्षण करून भागत नाही. आता त्याची फिल्म लागते.

“फार काही नको,” काकू म्हणाल्या. “जुने फोटो, मागे सनई, मधेमधे सगळ्यांच्या शुभेच्छा. पाच मिनिटांची. तुझं तर दोन मिनिटांचं काम.”

पाच मिनिटांची फिल्म दोन मिनिटांत कशी होते, हे विचारायची आमच्याकडे पद्धत नाही.

शुभेच्छांसाठी मी घराण्याच्या ग्रुपवर नियम लिहून टाकले. फोन आडवा धरा. खिडकीकडे पाठ करू नका. पंखा बंद ठेवा. अर्ध्या मिनिटात आटपा. व्हॉट्सॲपवर व्हिडिओ नेहमीसारखा पाठवला तर तो दाबून लहान केला जातो, म्हणून ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा. तशी दोन जीबीपर्यंतची फाइल जशीच्या तशी येते. यावर बत्तीस अंगठे आले. मग व्हिडिओ आले. सगळे उभे. ठाण्याचे मामा खिडकीकडे पाठ करून बसले होते, त्यामुळे ते ओळख लपवलेल्या साक्षीदारासारखे काळे दिसत होते आणि आवाजही त्याच धाटणीचा होता. पुण्याच्या मावशींचा व्हिडिओ चार मिनिटांचा होता आणि त्यातली बरीच मिनिटं ‘चालू झालं का रे? लाल दिसतंय का?’ यात गेली होती. न्यू जर्सीच्या भाच्याने इतका भारी कॅमेरा वापरला की त्याची फाइल उतरवता उतरवता माझा त्या दिवसाचा डेटा संपला. त्यात तो म्हणाला, “हॅपी बर्थडे आजोबा,” आणि कुत्र्याकडे वळला. एका मेव्हण्याने नियम मनापासून पाळला. माझ्या सूचनांचाच स्क्रीनशॉट काढून त्याने तो डॉक्युमेंट म्हणून पाठवला.

उभे व्हिडिओ आडव्या फिल्ममध्ये बसवले की दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या येतात. त्यावर सगळे करतात तो उपाय म्हणजे तोच व्हिडिओ मोठा करून, धूसर करून मागे पसरायचा. तो मी केला. काकूंनी तो बघून विचारलं, “मागे हे भूत कोणाचं?”

आवाजाची तऱ्हा वेगळीच. फोनचा कॅमेरा उजेड बघून सेकंदाला कधी तीस चित्रं घेतो, कधी चोवीस. आवाज मात्र आपल्या चालीने चालत राहतो. एडिटिंगच्या टाइमलाइनवर दोघं शेजारी आले की हळूहळू फारकत घेतात. मोठ्या काकांच्या साडूंचे ओठ आधी हलत होते आणि शब्द मागून येत होते. ज्यांनी त्यांना जन्मभर ऐकलंय त्यांना हे अगदी नवीन होतं, कारण त्यांचं सगळं बोलणं आधी होतं आणि बाकीचं मागून येतं. यावर औषध म्हणजे हँडब्रेक नावाचं एक फुकट सॉफ्टवेअर. त्यात ‘कॉन्स्टंट फ्रेमरेट’ निवडायचा आणि फाइल नव्याने बनवून घ्यायची. मला हे कळलं तेव्हा मी आख्खी दुपार कात्रीने साडूंचे शब्द कापून ओठांवर चिकटवण्यात घालवली होती.

तसं शिकायला आता काही कमी नाही. ‘तीस सेकंदांत शिका’ असं नाव असलेला व्हिडिओ अठरा मिनिटांचा असतो. पहिली तीन मिनिटं नमस्कार, पुढची दोन आधीच्या व्हिडिओची आठवण, मग घंटेचं बटण दाबण्याची विनंती. शेवटी तो गुरू म्हणतो, “इथे उजवीकडे हे बटण दिसेल, ते दाबा.” माझ्याकडे उजवीकडे बटण नसतं. डावीकडेही नसतं. त्याच्या आणि माझ्या आवृत्तीत दोन वर्षांचं अंतर असतं आणि दरम्यान कोणीतरी ते बटण उचलून एका मेनूच्या पोटातल्या मेनूच्या पोटात ठेवलेलं असतं. खाली प्रतिक्रियांत एक गृहस्थ विचारतात, ‘सर, बटण सापडत नाही.’ त्यावर सरांचं उत्तर म्हणजे एक बदाम.

बदामावरून आठवलं. फिल्म जोडण्यासाठी मी दा विंची रिझॉल्व्हची मोफत आवृत्ती घेतली होती. ऑस्ट्रेलियातल्या ब्लॅकमॅजिक डिझाइन कंपनीचं हे सॉफ्टवेअर हॉलिवूडमध्ये सिनेमांचे रंग नीट करायला वापरतात. माझा लॅपटॉप त्याच्या वजनाने कण्हत होता, म्हणून मी ‘प्रॉक्सी’ बनवल्या. म्हणजे अवजड व्हिडिओंच्या हलक्या नकला करायच्या, काटछाट त्यांच्यावर करायची आणि शेवटच्या निर्यातीला अस्सल फाइल वापरायची. लॅपटॉप शांत झाला. काकू झाल्या नाहीत.

“बदाम कुठाय?”

“कसला बदाम?”

“आमच्या शुभाच्या कॅसेटमध्ये होता तो. बदामात नवरा यायचा, मग तो गोल फिरून कमळात जायचा, कमळ उमललं की आतून नवरी. तसं का नाही करत? तुझं ते हॉलिवूडचं आहे ना?”

शुभाताईचं लग्न 1992 चं. त्या कॅसेटमध्ये बदाम, कमळ, फिरता चौकोन आणि बशीतून वर येणारे वधूवर आहेत. शुभाताईच्या सासूबाई तर एका कारंज्यातून बाहेर पडतात. हॉलिवूडने हे काही केलेलं नाही. सॉफ्टवेअर आपल्याला ढीगभर ट्रान्झिशन देतं आणि ज्यांना ते काम येतं ती माणसं एका दृश्यावरून दुसऱ्यावर नुसती कापून जातात, हे मी काकूंना समजावून सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग मी बदाम टाकला.

आणि मग तो फोटो आला. 1978 चा. गावच्या घराच्या अंगणात तिघे भाऊ. डावीकडे माझे वडील, उजवीकडे मोठे काका, मधे नानाकाका. नानाकाकांचा हात मोठ्या काकांच्या खांद्यावर. तिघांच्या मागे बांधावरचा फणस. त्याच फणसावरून मोठे काका आणि नानाकाका यांचं सोळा वर्षं बोलणं बंद होतं. फणस बांधावर असल्यामुळे मुळं इकडे, फांद्या तिकडे आणि फणस लागतील ते वकिलांकडे, अशी स्थिती आहे.

“नानांना काढ,” काकू म्हणाल्या.

“कुठून?”

“फोटोतून. अजून कुठून काढणार?”

हे काम स्टालिनच्या काळात कितीतरी अवघड होतं. 1937 मध्ये मॉस्को-व्होल्गा कालव्याच्या काठी स्टालिनशेजारी गुप्त पोलिसांचा प्रमुख निकोलाय येझोव उभा होता. 1940 मध्ये त्याला गोळी घातली आणि मग फोटोतही त्याच्या जागी कालव्याचं पाणी आलं. कोण्या बिचाऱ्या कारागिराने ते ब्रश घेऊन हाताने रंगवलं असणार आणि त्याला ‘दोन मिनिटांचं काम’ म्हणायची हिंमत बहुधा स्टालिननेही केली नसेल.

मी फोटोवर नवा रिकामा लेअर, म्हणजे एक पारदर्शक थर, घेतला आणि त्यावर क्लोनचं हत्यार चालवलं. शेजारचा तुकडा उचलायचा, नकोशा माणसावर ठेवायचा. नव्या लेअरवर काम करायचं आणि ‘सॅम्पल मर्ज्ड’वर खूण करायची, म्हणजे खालचा मूळ फोटो जसाच्या तसा राहतो. नानाकाकांच्या शेजारी फणसाचं खोड होतं, त्यामुळे उचलायला फणसच होता. पाय गेले, तिथे खोड आलं. पोट गेलं, तिथे खोड आलं. डोकं गेलं आणि तिथे एक लगडलेला फणस आला. क्लोनची खोड अशी की, तो नक्कल करतो हे लपत नाही. जवळून पाहिलं तर त्या झाडाला एकाच काट्यांचे, एकाच डागाचे तीन जुळे फणस लागले होते.

काकूंना फोटो पसंत पडला. “झाड अगदी आपल्या अंगणात आल्यासारखं दिसतंय,” त्या म्हणाल्या. थोडा विचार करून पुढे, “हा वकिलांना पाठवला तर?”

मी पाणी प्यायला उठलो. परत येईपर्यंत त्यांनी चष्मा लावला होता.

“ह्यांच्या खांद्यावर काय आहे?”

मोठ्या काकांच्या खांद्यावर चार बोटं राहिली होती. मागे माणूस नाही, मनगट नाही, नुसती बोटं. एकात अंगठी.

“नानाकाकांची आहेत,” मी म्हटलं.

“वाटलंच. माणूस निघून गेला तरी हात सोडवत नाही.”

बोटं काढायला मला माणूस काढण्यापेक्षा जास्त वेळ लागला. खाली मोठ्या काकांचा चौकडीचा शर्ट होता आणि चौकडीच्या रेघा जुळता जुळत नव्हत्या. शेवटी जुळल्या, पण काकांचा तो खांदा जरा वर गेला. कुणी विचारलंच तर लहानपणी पडले होते म्हणून सांगायचं, असं काकूंनी परस्पर ठरवून टाकलं.

दरम्यान समारंभाचा फ्लेक्स. तो कोपऱ्यावरच्या दुकानात दिला होता. मी मजकूर फोनवरून पाठवला, त्याने तो आपल्या जुन्या सॉफ्टवेअरमध्ये चिकटवला आणि आठ फुटांवर छापला. युनिकोडमधलं मराठी जुन्या प्रोग्रामात गेलं की जोडाक्षरं सुटतात आणि पहिल्या वेलांट्या एकेक घर पुढे सरकतात. ‘सहस् र चंद् र दर् शन’ इतकं मोडलं होतं की पौर्णिमा सोडून सगळ्या तिथी दिसत होत्या. खाली ‘निमित्त’चं ‘नमित्ति’ झालं होतं. मी दुकानदाराला दाखवलं.

“कळतं की साहेब. फ्लेक्स कोण वाचतं? फोटो बघतात.”

फिल्ममध्ये तरी असं होऊ नये म्हणून मी सगळी शीर्षकं वेगळी टाइप करून त्यांची चित्रं बनवली आणि चित्रंच फिल्मवर ठेवली. (प्रीमिअर वापरणाऱ्यांची चैन असते. प्रेफरन्सेसमध्ये ग्राफिक्सच्या पानावर दक्षिण आशियाई लिपींचं इंजिन निवडलं की वेलांट्या निमूट घरी येतात.) निवृत्त मुख्याध्यापिका असलेल्या आत्याने फिल्म तपासली आणि शुद्धलेखनाला दहापैकी नऊ दिले. एक गुण सनईसाठी कापला.

समारंभाच्या आदल्या रात्री फिल्म रेंडरला लावली. रेंडर म्हणजे सगळी काटछाट एकत्र करून लॅपटॉपने अखेरची फाइल शिजवायची. उरलेला वेळ तो खाली सांगत असतो. आधी म्हणाला चौदा मिनिटं, मग तीन तास, मग सहा मिनिटं. सत्याण्णव टक्क्यांवर येऊन तो थांबला तेव्हा काकूंचा फोन आला.

“असं कर, नानांना परत आण.”

“काकू, रेंडर चालू आहे.”

“असू दे. पुढच्या रांगेत आण.”

“पुढच्या रांगेत? पण ते मधे उभे होते.”

“आत्ताच त्यांचा फोन येऊन गेला. हॉलचं निम्मं भाडं ते देतायत.”

मी रेंडर थांबवलं. लेअरच्या यादीत प्रत्येक लेअरच्या बाजूला डोळ्याचं एक चित्र असतं. माझ्या क्लोनच्या लेअरचा डोळा मी मिटला आणि नानाकाका एका क्षणात हजर झाले. पोटासकट, डोक्यासकट, चारही बोटांसकट. डोळा उघडला की नाना गायब, मिटला की हजर. दोन-तीनदा मी उगाच करून पाहिलं. इरेजर चालवला असता तर नानाकाका कायमचे फणसात गेले असते आणि निम्मं भाडं काकूंच्या माथी आलं असतं. पुढच्या रांगेचं काही जमणार नव्हतं, म्हणून मी फोटो तेवढा कापून नानाकाका थोडे मोठे केले. निम्म्या भाड्यात तेवढंच बसत होतं.

हॉलमध्ये फिल्म लागली तेव्हा ट्यूबलाइट चालू होत्या, कारण फुलांच्या सजावटीचे पैसे दिले होते आणि ती दिसायला हवी होती. पडद्यावर उजेड दिसला, त्या उजेडात बदाम दिसला. जो तो फक्त स्वतःच्या व्हिडिओची वाट बघत होता आणि तो येऊन गेला की शेजारच्याला विचारत होता, “आवाज बरा आला ना माझा?” ठाण्याचे मामा आले तेव्हा पुण्याच्या मावशींनी “हे कोण?” म्हणून विचारलं आणि मामा तिथेच बसलेले होते. मधेच केटररचा माणूस येऊन “पंगत तयार आहे” म्हणून गेला. तिघा भावांचा फोटो आला तेव्हा खुर्च्यांवर मी, आत्या आणि प्रोजेक्टरवाला एवढेच उरलो होतो. मोठे काका कधीच पहिल्या पंगतीला बसले होते. फिल्म त्यांच्यावर होती, पण जिलेबी गरम होती.

नानाकाका मात्र उभे राहून बघत होते. फोटो संपल्यावर माझ्याजवळ आले. डोळ्यांत पाणी असावं असं मला वाटलं.

“छान केलंस रे,” ते म्हणाले. “मला पाठव तो. पण माझं पोट जरा जास्त आलंय, तेवढं कमी कर. दोन मिनिटांचं काम असेल ना?”

मी पोट कमी केलं. मोठ्या काकांनी आणि नानाकाकांनी पुन्हा बोलायला सुरुवात केली. एकमेकांकडे जाणं-येणं झालं, कोर्टाची तारीख पुढे ढकलली गेली आणि वकील नाराज झाले. मग मे महिना आला आणि बांधावरचा फणस पिकला. त्या रात्री साडेअकराला काकूंचा फोन.

“तू तो कसला डोळा म्हणाला होतास ना, उघडायचा?”

“उघडू?”

“थांब. दोन्ही फोटो करून ठेव. सकाळी नाना फणस कुणाकडे पाठवतात, ते बघून सांगते.”